चेकिंग फॉर... नो

नकार देण्याच्या आपल्याकडे रीतसर पद्धती आहेत. जुन्नर-आंबेगावकडचा माणूस आधी चहा पाजतो, पाऊसपाण्याचं विचारतो आणि शेवटी "बघू की" म्हणतो. हे "बघू की" कानावर पडलं की काम होणार नाही हे दोन्ही बाजूंना समजतं आणि माणूस कपबशी खाली ठेवून उठतो. कचेरीत "साहेब मीटिंगला गेलेत" असं सांगतात. मुलगी बघून गेलेले लोक "घरी विचारून कळवतो" म्हणतात. पद्धत कोणतीही असो, ज्याला नकार मिळाला त्याला तो मिळाल्याचं कळतं.

ग्नूपीजी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून कंपाइल करायला घेतलं की मिळणारा नकार यातल्या कशातच बसत नाही. 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालू करायची, की पडद्यावरून शेकडो ओळी धावू लागतात. ओळीच्या सुरुवातीला 'चेकिंग', शेवटी 'येस' किंवा 'नो'. त्या गर्दीत एक ओळ येते: चेकिंग फॉर बीझेडलिब डॉट एच... नो. घंटा वाजत नाही, अक्षर लाल होत नाही. पुढची ओळ येते, तिच्या पुढची येते, आणि सगळं आटोपल्यावर यंत्र समाधानाने जाहीर करतं की तयारी पूर्ण झाली. काय राहिलं ते आपल्याला पुढे कधीतरी कळतं, आणि तेही तिसऱ्याच कोणी पाठवलेल्या फायलीकडून.

माझ्यासारख्याला हे उद्योग कशाला हवेत, असा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, त्यामुळे वाचकांनी पुन्हा विचारू नये. मी निवृत्त शिक्षक. नारायणगावहून जुन्नरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं गाव. नोकरीत असताना मोडी शिकलो, आता लोकांचे जुने कागद वाचून देतो. वाटपाचे तंटे, इनामं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. जुन्नरात एकेकाळी हातकागद तयार होत असे आणि पेशवाईत त्याला चांगली मागणी होती. तो कागद अजून टिकून आहे, म्हणून त्यावरचे तंटेही टिकून आहेत आणि माझं चाललं आहे.

अशाच एका घराण्याची आताची पिढी परदेशात असते. वाद कोर्टात आहे. तिथल्या एका तरुण आणि जाणत्या सभासदाने ठरवलं की कागदांचे फोटो साध्या मेलने पाठवणं सुरक्षित नाही. ते ग्नूपीजीने बंद करूनच येतील, आणि माझ्याकडचं ग्नूपीजी फार जुनं असल्याने मी आधी नवं बसवून घ्यावं. माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स मुदत संपलेलं आहे. मुदत संपलेल्या लिनक्सला नवी पॅकेजं मिळत नाहीत. राहता राहिला सोर्स कोड.

गुप्ततेचं मराठी माणसाला वावडं नाही, हे इथे नमूद करतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येत नव्हते. राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी खटपट केली तेव्हा ते भांडार उघडलं. पण त्या काळी संकेताची किल्ली माहीत असली की पोथी वाचता येत होती. किल्ली आहे, पोथी आहे, पण पोथी ज्या रीतीने घडी घातली आहे ती घडी उलगडण्याची परवानगी तुमच्या डोळ्यांत बसवलेली नाही, अशी अडचण कोणा महानुभावाला आल्याचं वाचनात नाही.

ही घडी काय असते ते सांगायला हवं. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी आणलं आणि वर्नर कॉख यांनी १९९७ च्या अखेरीस ग्नूपीजीची पहिली आवृत्ती काढली. या घराण्याची रीत अशी की मजकूर आधी कॉम्प्रेस करायचा आणि मग एन्क्रिप्ट करायचा. क्रम उलटा चालत नाही, कारण एन्क्रिप्ट झालेला मजकूर म्हणजे निव्वळ गोंगाट. त्यात पुनरावृत्ती उरत नाही, आणि पुनरावृत्ती नसेल तर दाबायला काही नसतं. लेम्पेल आणि झिव या दोघांनी १९७७ मध्ये मांडलेली युक्ती अशी, की जो तुकडा आधी येऊन गेला तो पुन्हा लिहायचा नाही. मागे अमुक अंतरावर तमुक लांबीचा तुकडा आहे, तिथे बघा, एवढंच लिहायचं. मोडी कागद वाचणाऱ्याला यात नवल नाही. आमचा कारकून गावाचं नाव एकदा लिहितो आणि पुढे पानभर 'मौजे मजकूर' म्हणून काम भागवतो. झिप आणि झेडलिब याच युक्तीवर चालतात. बीझिप२ वेगळं. ते ज्युलियन सिवर्ड यांनी १९९६ मध्ये काढलं. ते मजकुराचा मोठा गठ्ठा घेतं, बरोज आणि व्हीलर यांच्या रीतीने त्याची अक्षरं अशी फिरवून लावतं की सारखी अक्षरं शेजारी येतात, आणि मग दाबतं. वेळ जास्त घेतं, लिहिलेला मजकूर जास्त लहान करतं. माझं त्याच्याशी वैर नाही.

आता ग्नूपीजी. ते एकटं येत नाही. त्याच्या आधी लिबजीपीजी-एरर, लिबजीक्रिप्ट, लिबअसुआन, लिबकेएसबीए आणि एनपीटीएच या पाच लायब्ररी कंपाइल करून बसवाव्या लागतात. यातल्या पहिलीचं काम काय, तर बाकी सगळ्यांना चुका सांगण्यासाठी सामाईक क्रमांक आणि वाक्यं पुरवणं. चुका सांगण्यासाठी स्वतंत्र लायब्ररी आहे आणि ती सर्वांत आधी लागते, हे वाचून माझ्या अपेक्षा वाढल्या.

त्या अपेक्षा या पाचजणींपुरत्या पूर्ण झाल्या. एखादी नसली की कॉन्फिगर तारकांची चौकट काढतं, त्यात तिचं नाव लिहितं, किती नवी आवृत्ती हवी ते लिहितं, ती कुठून उतरवून घ्यायची तेही लिहितं आणि काम थांबवतं. इतकं सौजन्य मला बसस्टँडच्या चौकशी खिडकीवरही मिळालेलं नाही. तारकांची चौकट वाचायची, ती लायब्ररी आणायची, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, पुढची चौकट. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असल्याने हे सगळं लाइट असेल तेव्हाच करायचं. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की लोक उसाला पाणी द्यायला बिबट्याच्या भीतीने बॅटऱ्या घेऊन जोडीजोडीने निघतात. दिवसा वीज द्या ही या तालुक्यांची जुनी मागणी आहे आणि ती बिबट्यामुळे आहे. मी त्या मागणीत लिबजीक्रिप्ट घातलं असतं, पण निवेदन आधीच टाइप झालेलं होतं.

कॉन्फिगर किती चौकस असतं ते एकदा बघावं. सी कंपायलर चालतो का. फायलीच्या नावाला शेवटी काय लागतं. आपण या यंत्रावर दुसऱ्याच यंत्रासाठी तर काम करत नाही ना. बांधकामाचा परिसर ठिकाणावर आहे का, असंही ते विचारतं आणि स्वतःच 'येस' लिहितं. यात खरं तर संगणकाचं घड्याळ मागे पडलं आहे का ते बघितलं जातं. ही स्क्रिप्ट ज्याने तयार होते ते ऑटोकॉन्फ १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलं. तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं होतं, एकाकडे असलेली फाइल दुसऱ्याकडे नसे, म्हणून आधी सगळं विचारून घ्यावं लागे. त्यातली कितीतरी यंत्रं आता भंगारात गेली. प्रश्न राहिले आहेत.

या सगळ्याच्या शेवटी ग्नूपीजी एक गोषवारा छापतं. ओपनपीजीपी आहे. स्मार्टकार्ड आहे. माझ्याकडे स्मार्टकार्ड नाही, पण मी पुढेमागे घेतलं तर अडचण नको, इतका विचार केलेला दिसतो. टोरच्या जाळ्यातून किल्ल्या मागवण्याची सोय आहे की नाही, तेही दिलेलं असतं. कॉम्प्रेशनची ओळ या गोषवाऱ्यात नाही. जे नाही त्याचा उल्लेख नाही, आणि जे आहे त्याचाही नाही, त्यामुळे भेदभाव झाला असं मात्र म्हणता येणार नाही.

मेक झालं, मेक इन्स्टॉल झालं, एकही चूक नाही. फाइल आली. परवलीचं वाक्य टाकलं. किल्ली लागली, कुलूप निघालं, आणि मग जीपीजीने, म्हणजे ग्नूपीजीच्याच आज्ञेने, कळवलं की आतलं सामान ज्या पद्धतीने दाबलं आहे ती पद्धत त्याच्या ओळखीची नाही. म्हणजे जे अवघड म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, ज्यासाठी सरकारं झगडतात, ते काम क्षणात झालं. अडलं ते घडी उलगडण्यावर.

मी पाठवणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, "काका, माझ्याकडे तर व्यवस्थित उघडतंय." या उत्तराबद्दल मला आदर आहे. संगणकाच्या क्षेत्रात ते सर्वांत जुनं आहे आणि आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

जीपीजीला 'व्हर्जन' विचारलं की ते आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतं. तिच्यात कॉम्प्रेशनसमोर चार नावं असायला हवीत: अनकॉम्प्रेस्ड, झिप, झेडलिब आणि बीझिप२. माझ्या यादीत तिसऱ्या नावानंतर ओळ संपत होती. झेडलिबची फाइल कुठल्या तरी जुन्या कामासाठी आधीच येऊन बसली होती, म्हणून झिप आणि झेडलिब ही दोघं वाचली.

आता गंमत अशी, की बीझिप२ माझ्या लॅपटॉपवर होतं. टर्मिनलमध्ये नाव टाइप केलं की हजर होत होतं. त्याची लायब्ररीही होती, तिच्याच जोरावर इतर प्रोग्राम चालत होते. नव्हती ती फक्त बीझेडलिब डॉट एच ही हेडर फाइल. लायब्ररीत काय काय सोय आहे आणि तिला हाक कशी मारायची, एवढंच त्या फायलीत लिहिलेलं असतं. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांमध्ये लायब्ररी एका पॅकेजात आणि हेडर दुसऱ्या पॅकेजात ठेवतात. डेबियन-उबुंटूवर ते दुसरं 'लिबबीझेड२-डेव्ह', फेडोरावर 'बीझिप२-डेव्हल'. चालवणाऱ्याला पहिलं पुरतं, कंपाइल करणाऱ्याला दुसरंही लागतं. दर नोव्हेंबरात मी पेन्शनच्या खिडकीसमोर स्वतः उभा राहतो आणि आतला माणूस माझ्या तोंडाकडे बघून हयातीचा दाखला मागतो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की तो माणूस मागतो तरी. दाखला नाही म्हणून मला गुपचूप मृत धरून, पावती देऊन, नमस्कार करून पाठवून देत नाही.

असा 'नो' का आला याचं कारण कॉन्फिग डॉट लॉग या फायलीत लिहिलेलं असतं. तिथे सगळं आहे. बीझेडलिब डॉट एच अशी कोणतीही फाइल अथवा डिरेक्टरी नाही, असं कंपायलरने स्वच्छ म्हटलं आहे. फक्त ते हजारो ओळींच्या मध्ये आहे, आणि शोधायला काय शोधायचं ते आधी माहीत असावं लागतं. ज्याला ते माहीत आहे त्याला ती फाइल उघडण्याची गरज नसते.

सल्ले पुष्कळ मिळाले. हिंजवडीला असलेला भाचा म्हणाला, "मामा, एवढं कशाला? कंटेनर टाक ना एक." कंटेनर टाकायला माझं लिनक्स फार जुनं आहे, हे त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग लॅपटॉपच नवा घे." शेजारचे टोमॅटोवाले म्हणाले, "गुरुजी, पेनड्राइव्हवर मागवा की, कोणी येणारजाणार असंलच." हिने विचारलं, "अहो, त्यांना साधे फोटो पाठवायला सांगितले तर कोर्ट काय म्हणणार आहे?" या सर्व सूचना व्यवहार्य होत्या, म्हणून मी त्या नोंदवून ठेवल्या.

खरं तर नियमाने बघितलं तर ग्नूपीजीचं काही चुकलेलं नाही, आणि हीच बाब मला जास्त लागते. ओपनपीजीपीच्या २००७ सालच्या आरएफसी ४८८० मध्ये लिहिलं आहे की न दाबलेला मजकूर प्रत्येकाला वाचता आलाच पाहिजे, झिप यायला हवं, आणि बाकीच्या पद्धती आल्या तर आल्या. बीझिप२ या तिसऱ्या वर्गातलं. म्हणजे ते नसलं तरी सॉफ्टवेअर कायदेशीर. मग पाठवणाऱ्याने ते का वापरलं? कारण माझ्या किल्लीत तसं लिहिलेलं आहे. किल्ली तयार होते तेव्हा तिच्यात मालकाला कोणकोणत्या पद्धती चालतात याची यादी सहीनिशी घातली जाते. माझी किल्ली जुन्या जीपीजीने बनवलेली, त्या जीपीजीला बीझिप२ येत होतं, म्हणून किल्ली जगाला अजून सांगत फिरते की गुरुजींना बीझिप२ चालतं. पाठवणाऱ्याची पहिली पसंती बीझिप२, माझी त्याला संमती, दोन्ही बाजूंची सही. नव्या जीपीजीने जुन्या किल्लीचं स्वागत केलं, तिच्यातली यादी वाचली, यातलं एक आपल्याला येत नाही हे त्याला दिसलंच असणार, आणि ते त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. 'सेटप्रेफ' ही आज्ञा देऊन ही यादी बदलता येते. बदलल्यावर नवी किल्ली पुन्हा सगळ्यांना पाठवायची असते. सगळे म्हणजे कोण, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरीकडे एन्क्रिप्शनवाल्यांनी कॉम्प्रेशनला घराबाहेर काढलेलं आहे. वेबसाइटशी होणाऱ्या गुप्त संभाषणात दाबादाबी केली तर संदेशाच्या बदलत्या लांबीवरून आतलं गुपित थोडंथोडं ओळखता येतं, हे २०१२ साली 'क्राइम' नावाच्या हल्ल्याने दाखवलं. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये कॉम्प्रेशन ठेवलंच नाही. मेल आणि फायलींचा मामला वेगळा, म्हणून ग्नूपीजीत ते राहिलं. राहू द्यावं. पण ठेवायचं तर ओळख तरी दाखवावी.

शेवटी बीझिप२ सोर्सपासून बांधलं. १.०.८ ही त्याची २०१९ ची आवृत्ती. आणि इथे मला एक सुखद धक्का बसला, तो तक्रारीच्या लेखात नोंदवणं बरोबर दिसत नाही, तरी नोंदवतो. बीझिप२ला कॉन्फिगर नाही. ते काही विचारत नाही. सरळ 'मेक' म्हणायचं. बांधून झालं की ते स्वतःच्या सहा परीक्षा घेतं, तीन दाबण्याच्या आणि तीन उलगडण्याच्या, आणि सुरू करण्याआधी साध्या शब्दांत सांगतं की काही बिघाड असेल तर काम याच ठिकाणी थांबण्याची शक्यता आहे. पार पडल्यावर सांगतं की इथवर आलात आणि तुलनेत तक्रार निघाली नाही, म्हणजे जमलेलं दिसतं. एवढं मोकळं बोलणारं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही. सामाईक लायब्ररी हवी असेल तर वेगळी मेकफाइल चालवावी लागते, पण मला साधी पुरेशी होती.

मग ग्नूपीजीकडे परत. आता हेडर कुठे ठेवलं आहे ते '--विथ-बीझिप२' असं लिहून सांगायचं. त्याआधी 'मेक डिस्टक्लीन' करून मागचं सगळं पुसायचं, कारण कॉन्फिगरने एकदा लिहिलेला 'नो' पुढच्या मेकच्या वेळी कोणी पुन्हा तपासत नाही. नुसतं मेक केलं तर ते म्हणतं की करण्यासारखं काही नाही. हेडर असल्याची ओळ आली: येस. लायब्ररीत हवं ते फंक्शन असल्याची ओळ आली: येस. तीही न थांबता, न रंगता, शेकडो ओळींच्या मधोमध. आनंदातही ते फरक करत नाही.

आमच्यापासून थोड्या अंतरावर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी आणि बाकीच्या वायच्या आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी या भागाची निवड केली त्याचं एक कारण, इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी. त्या दुर्बिणीला अब्जावधी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची कुजबुज ऐकू येते. त्याच पंचक्रोशीत माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपला स्वतःच्याच डिस्कवरची लायब्ररी ओळखू येत नव्हती. तालुक्याची सरासरी अशाने खाली येते.

कोणी म्हणेल, एका 'नो'ने एवढं काय बिघडलं? त्यांच्यासाठी एक्सझेडची हकीकत. एक्सझेड हीसुद्धा कॉम्प्रेशनचीच लायब्ररी. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला निघाला. 'जिया टान' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी वर्षानुवर्षं इमानदारीने काम करून तिथे विश्वास कमावला होता. दरवाजा एसएसएच या दूरून लॉगिन करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत होता, कारण काही वितरणांमध्ये एसएसएच वळसा घालून या लायब्ररीपर्यंत पोचत असे. त्याची सुरुवात कुठून, तर कॉन्फिगरच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमधून. ती स्क्रिप्ट कंपायलर जीसीसीच आहे ना, यंत्र हवं तेच आहे ना, पॅकेज डेबियनचं किंवा आरपीएमचंच बनतं आहे ना, हे सगळं नीट तपासत होती. तपासणी इतकी काळजीने केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला जगाला कळवलं.

पण माझ्या विषयाचा भाग पुढेच आहे. त्याच जिया टानने बांधणीच्या दुसऱ्या एका फायलीत, सीमेकच्या, एक टिंब घालून ठेवलं होतं. एका ओळीवर एकटं पूर्णविरामाचं टिंब. लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय यंत्रावर आहे का, हे बघण्यासाठी तिथे एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून बघायचा होता. टिंबामुळे तो प्रोग्राम कुठल्याच यंत्रावर कंपाइल होत नसे. उत्तर ठरलेलं: नाही. सोय असली तरी नाही. आणि बांधणी शांतपणे पुढे, सुरक्षा बाद. कोणाला संशय आला नाही, कारण असे 'नो' रोजच येत असतात आणि ते वाचायचे नसतात, हे सगळ्यांना शिकवून झालेलं आहे. माझ्याकडे हेडर नव्हतं म्हणून, त्यांच्याकडे टिंब होतं म्हणून. पडद्यावर दोन्हींचा चेहरा एकच.

फाइल उघडली. आत जेपेग फोटो होते. जेपेग हे मुळातच दाबलेलं असतं, त्यामुळे त्याचा गठ्ठा बांधून तो बीझिप२ने दाबला तर जागा वाचते ती नाव घेण्यासारखी नसते. म्हणजे ज्या घडीसाठी हे सगळं झालं ती घडी मुळात पडलेलीच नव्हती, फक्त घातल्याची नोंद होती. पहिल्या फोटोतला कागद विहिरीच्या पाळीचा निघाला. दोन भावांनी दोन दिवस पाणी घ्यावं, तिसऱ्या दिवशी धाकट्याने, असं चार साक्षीदारांपुढे ठरलेलं. तिसऱ्या दिवसापुढचं अक्षर फोटोत अंगठ्याखाली गेलं आहे. पुन्हा फोटो काढून पाठवा, असं कळवलं आहे.

तेव्हा जीपीजी स्वतः बांधणाऱ्या वाचकांना एवढंच सांगतो. कॉन्फिगर करण्याआधी झेडलिब आणि बीझिप२ या दोघांची डेव्ह पॅकेजं बसवून घ्या. कॉन्फिगर संपलं की मेक करण्याआधी कॉन्फिग डॉट लॉगमध्ये 'बीझेडलिब' शोधा. बांधून झाल्यावर जीपीजीला व्हर्जन विचारा आणि कॉम्प्रेशनच्या ओळीतली नावं बोट ठेवून मोजा, चार भरली पाहिजेत. आणि ज्यांना मला कागद पाठवायचे आहेत त्यांनी कॉम्प्रेशनच्या जागी 'नन' लिहावं. फाइल मोठी झाली तरी चालेल. उतरवून घ्यायला रात्र लागली तरी चालेल, आमची पाळी या आठवड्यात रात्रीचीच आहे.